घोटीत घर विकायचंय? रंगारी बोलावण्याआधी हे वाचा

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. समृद्धीवर चढण्या-उतरण्याच्या इगतपुरी आणि भरवीर या दोन्ही जागा इगतपुरी तालुक्यातच आहेत. आधीच मुंबई-आग्रा महामार्ग आणि रेल्वे स्टेशन असलेलं घोटी त्यामुळे मुंबई-ठाण्याच्या माणसाला आणखी जवळ आलं.

मग ज्यांना घर विकायचंय, त्यांच्यासमोर प्रश्न येतो : गिऱ्हाईक बघायला येण्याआधी घरात काय करायचं?

बहुतेक घरांत उत्तर एकच असतं. पुट्टी मारा, रंग द्या. पण घोटीत हाच सल्ला सगळ्यात महागात पडू शकतो. कसा, ते समजून घेऊया.

इथला पाऊस काही लपू देत नाही

इगतपुरीत वर्षाला साधारण ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नाशिक शहरात त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे स्लॅबची गळती, भिंतीला आलेली ओल, प्लास्टरला लागलेला लोणा हे घोटीतल्या जुन्या घरांचे नेहमीचे आजार.

घर बघायला लोक येतात ते मात्र बहुतेक दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत. तेव्हा भिंत सुकलेली असते. वरून रंग दिला की डाग दिसतच नाही. पुढच्या जुलैत मात्र तो हमखास वर येतो. तेव्हा घर दुसऱ्याच्या नावावर झालेलं असतं.

कायदा काय सांगतो?

'विकल्यावर आपला काय संबंध?' असं अनेकांना वाटतं. पण मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ मधलं कलम ५५ वेगळं सांगतं.

विकणाऱ्याला घरातला एखादा मोठा दोष माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि नेहमीची काळजी घेऊनही तो त्याला दिसणार नाही, तर तो सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर हा नियम लागू होतो. न सांगणं ही फसवणूक मानली जाते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७ नुसारही माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही फसवणूकच.

खरी गोम इथेच आहे. भिंतीवरचा उघडा डाग घेणाऱ्याला दिसतो. तो बघून भाव करणं त्याच्या हातात असतं. तुम्ही त्यावर पुट्टी मारली की तोच डाग 'तुम्हाला माहीत असलेला, त्याला न दिसणारा' दोष होतो. म्हणजे पाच-दहा हजारांचा रंग तुमची बाजू भक्कम करत नाही, उलट कमकुवत करतो.

मग घर तयार करायचं कसं?

अमेरिकेत घर विक्रीसाठी सजवण्याला 'होम स्टेजिंग' म्हणतात. आपल्याकडे त्याचा साधा क्रम असा :

१. आधी पाणी थांबवा. गच्चीचा उतार, पाइपांची तोंडं, पॅरापेटच्या भेगा बघा. पाणी बाहेरून येतंय तोवर आतून केलेलं काम टिकत नाही.

२. दुरुस्ती उन्हाळ्यात करा, प्लास्टर पूर्ण सुकू द्या, मगच रंग द्या. जमलं तर एक पावसाळा जाऊ द्या.

३. दुरुस्तीची बिलं, वॉटरप्रूफिंगच्या हमीचा कागद, आधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा. येणाऱ्याला स्वतःहून दाखवा.

४. पसारा हलवा. भाताची पोती, जुनी भांडी, माळ्यावरचं सामान काढलं की तीच खोली मोठी दिसते. कपाट मात्र ओलीच्या भिंतीसमोर सरकवू नका. चतुर गिऱ्हाईक पहिल्यांदा त्यामागेच बघतं.

५. खिडक्या उघडा. उजेड आणि वारा यांना पैसे लागत नाहीत.

कागदही स्वच्छ हवेत

घर ग्रामपंचायत हद्दीत असेल तर अनेकजण नमुना ८ चा उतारा पुढे करतात. पण ती करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. खरेदीखत, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, घरपट्टी आणि वीजबिलाच्या पावत्या एका फाइलमध्ये लावा. वडिलांच्या पश्चात वारसनोंद राहिली असेल, कर्जाचा बोजा उतरवायचा असेल, तर ते आधी उरका.

घराखालची जमीन बिगरशेती झाली आहे का, हेही तपासा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. मुंबईहून आलेलं गिऱ्हाईक घर पसंत करूनही याच मुद्द्यावर माघारी जाऊ शकतं.

घेणाऱ्यांनी काय करावं?

एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर कारण विचारा. टाइल आणि प्लास्टर बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर थांबा. आणि शक्य असेल तर घोटीतलं घर एकदा भर पावसात बघा.

विकणाऱ्यांनाही हीच कसोटी लावता येईल. तुमचं घर जुलैत दाखवायची तुमची तयारी आहे? असेल, तर ते खरंच तयार आहे.