सडा वगळून लिहिलेले कोकण

मराठीत कोकणावर विपुल लिहिले गेले, याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. आमची तक्रार वेगळी आहे. अलीकडच्या काही दशकांतील ललितलेखाने आणि प्रवासवर्णनाने कोकण पाहिले ते पुळणीवर उभे राहून, आणि त्या पुळणीच्या माथ्यावर मैलोगणती पसरलेला सडा त्याने सरळ वगळून टाकला. हे वगळणे निरुपद्रवी नाही. शनिवार पेठेतल्या टेबलाशी बसून ‘उजाड कातळ’ असे लिहिणारा लेखक आणि सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ अशी नोंद करणारे महसूल खाते यांची दृष्टी एकच होऊन बसली आहे, असा आमचा आरोप आहे.

नमुनेदार कोकण-लेख आठवून पाहावा. मोटार घाट उतरते, लाल माती दिसू लागते, एका वळणावर अचानक समुद्र प्रकट होतो आणि लेखकाचा श्वास रोखला जातो. मग नारळी-पोफळी, सोलकढी, सुरूचे बन, सूर्यास्त आणि बालपण. घाट आणि समुद्र यांच्यामध्ये जे आहे ते या लेखाच्या लेखी केवळ अंतर असते; मोटारीने कापायचे आणि वाक्याने ओलांडायचे. यातला विनोद असा, की ज्या सुरूच्या बनाला आपण कोकणचा सनातन निसर्ग समजून गहिवरतो, ते झाड मूळचे ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचे असून आपल्या पुळणींवर त्याची रीतसर लागवड झाली आहे. आणि ज्याला आपण रिकामे म्हणतो तो सडा मात्र अस्सल इथला.

हे अंतर पायी उतरून पाहिले तर काय दिसते? उदाहरणादाखल रत्नागिरीच्या दक्षिणेला, पावसजवळचे गणेशगुळे घेऊ. गणपतीचे देऊळ वर, डोंगरावर आहे. गाव आणि पुळण खाली. वर पायाखाली जांभा. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली केरळातील अंगाडिपुरमच्या दगडाचे वर्णन करताना ज्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, तोच हा दगड. मे महिन्यात तो तापून काळवंडलेला दिसतो हे खरे. पण पहिल्या पावसानंतर त्याच्या खळग्यांत पाणी साठते, आणि पुढे श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे, गेंद अशी बोटभर उंचीची फुले त्यावर दाटीने येतात. सड्याची कड संपली की उतार लागतो. त्यावर काजू, आंबा, वरकस जमीन. मग जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी, तिच्या कडेने वाहणारा पऱ्या, खाली आगर, आगरातली विहीर आणि सर्वांत शेवटी पुळण व लाटा. एवढ्या थोड्या चालीत भूमीच्या इतक्या परी आणि प्रत्येकीला स्वतंत्र मराठी शब्द! आमच्या ललितगद्यात त्यांतले किती उरले? बहुधा शेवटचाच, आणि तोही आता ‘बीच’ झाला आहे.

प्रश्न केवळ शब्दसंपदेचा असता तर हळहळ व्यक्त करून थांबता आले असते. परंतु येथे कार्यकारणाचा प्रश्न आहे. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेल्या पावसाचा काही भाग त्याच्या भेगांतून मुरतो, खालच्या चिकण थरावर अडतो, आडवा सरकतो आणि उताराच्या पोटातून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. पायथ्याच्या विहिरी आणि आगरे त्या पाण्यावर जगतात. म्हणजे लेखक ज्या नारळी-पोफळीवर लुब्ध होतो, ती त्याने ‘उजाड’ म्हणून सोडून दिलेल्या कातळाचे पाणी पीत असते. त्याचे लाडके चिरेबंदी घर त्याच कातळातून कापून काढलेले असते. त्याच्या हापूसच्या कित्येक बागा तोच कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून उभ्या केलेल्या असतात. पाणी, घर आणि आंबा, तिन्हींचा दाता एक. आणि वर्णनात नेमका तोच गैरहजर!

गणेशगुळ्याच्या गणपतीविषयी एक आख्यायिका सांगतात. मूर्तीच्या नाभीतून पाणी वाहत असे; ते एकदा थांबले, आणि लोक म्हणू लागले, गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला. झरा आटला की देव उठून जातो, एवढे शहाणपण त्या आख्यायिकेत आहे. पुढे पुळ्याला यात्रेकरूंची आणि पर्यटकांची रीघ लागली. आमचे ललितगद्यही देवामागोमाग पुळणीवर गेले, आणि झरा का आटतो हे विचारायला मागे कोणी राहिले नाही.

आता संभाव्य आक्षेप. पहिला असा, की साहित्य म्हणजे भूगोल नव्हे. काय पाहावे हे ठरवण्याचा लेखकाला अधिकार आहे. मान्य. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’कडे (१९५२) किंवा गो. नी. दांडेकरांच्या ‘पडघवली’कडे (१९५५) आम्ही सड्याचा हिशेब मागत नाही, त्यांचा विषय माणूस होता. पण जो लेख स्वतःला निसर्गलेख म्हणवतो त्याच्याकडे तरी निसर्गाचा हिशेब मागायचा की नाही? गोडसे भटजींच्या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’पासून गोनीदांच्या नर्मदा-परिक्रमेपर्यंत मराठी प्रवासवर्णनाला चालण्याची परंपरा आहे. ती सोडून मोटारीच्या काचेतून पाहणे ही लेखकाची निवड नव्हे, आळस आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खुद्द गावकरीच म्हणतात, ‘कातळावर काय आहे?’ होय, म्हणतात. परंतु तोच गावकरी पावसाळ्यात सड्यावर गुरे सोडतो आणि पुढे तिथलेच गवत कापून वर्षाची बेगमी करतो. त्याच्या बोलण्यात ‘काही नाही’ याचा अर्थ ‘पीक नाही’ एवढाच असतो. आपल्या गद्यात मात्र त्याचा अर्थ ‘अस्तित्वच नाही’ असा होतो.

अशा शब्दांचे पुढे काय होते हे राजापूर तालुक्यातील बारसूने दाखवून दिले. २०२२ मध्ये बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी अशा सड्यांवरील कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीच्या सड्यावर तर हत्तीची प्रचंड रेखाकृती असून तिच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. त्याच वर्षी बारसू परिसर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी सुचवला गेला आणि त्याच्या समर्थनार्थ पहिला युक्तिवाद आला तो जमीन पडीक असल्याचा. एप्रिल २०२३ मध्ये पोलीस बंदोबस्तात माती-परीक्षणाची वेधने सुरू झाली, तेव्हा गावकरी, विशेषतः स्त्रिया, त्या रणरणत्या सड्यावर ठाण मांडून बसल्या. प्रकल्प असावा की नसावा याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आमचा मुद्दा असा, की ‘येथे काहीच नाही’ हे वाक्य सरकारी कागदावर येण्यापूर्वी कित्येक वर्षे आपल्या पाठ्यपुस्तकी कोकणात रूढ झालेले होते. ते खोडून काढण्याची जबाबदारी साहित्याच्या अभ्यासकांचीही होती.

या आरोपातून आम्ही अध्यापक स्वतःला वगळत नाही. ‘प्रादेशिक साहित्य’ हा घटक शिकवताना ‘निसर्ग ही केवळ पार्श्वभूमी नसून पात्र असते’ हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे सांगतो; विद्यार्थी ते निमूटपणे उतरवून घेतात आणि उत्तरपत्रिकेत परत करतात. पण या पात्राचे नाव काय, ते कशावर जगते, कोण त्याला मारते, हे ना आम्ही सांगितले, ना कोणी विचारले. पुढच्या वर्षी हा घटक शिकवताना निदान सात शब्द फळ्यावर लिहून सुरुवात करावी : सडा, वरकस, पाखाडी, पऱ्या, आगर, विहीर, पुळण. ते याच क्रमाने लिहावेत, कारण पाणी याच क्रमाने उतरते. आणि मग नेमलेला कोकणावरचा कोणताही लेख उघडून विद्यार्थ्यांना विचारावे, की यातला कोणता शब्द लेखकाने गाळला आहे.