भिंतीशी भांडण कशाला?

मीरा रोडच्या एखाद्या मोबाईलच्या दुकानात जाऊन ‘आतल्या खोलीत वायफाय येत नाही’ एवढंच म्हणा. दुकानदार प्लगात खुपसायचा एक पांढरा डबा काउंटरवर ठेवतो आणि त्याला ‘बूस्टर’ म्हणतो. नेटवाल्याला फोन करा, तो शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा करून घ्यायला सांगतो. आयटीत असलेला भाचा तीन डब्यांच्या मेशची शिफारस करतो. तिघांच्याही मनात वाईट काही नसतं. पण तिघंही एकच गोष्ट धरून चालतात: घरात सिग्नल कमी पडतो, तेव्हा तो वाढवायला हवा. मीरा-भाईंदरच्या बहुतेक घरांपुरतं तरी हे गृहीतच चुकीचं आहे, असं माझं म्हणणं आहे. इथं सिग्नल कमी नाही. तो भलत्या जागी आहे आणि हवेत दाटी आहे. यावरचा उपाय म्हणजे दारापासून आतल्या खोलीपर्यंत ओढलेली दहा-बारा मीटर तार. बिनतारी यंत्रासाठी तार सुचवणं उलट्या डोक्याचं वाटेल, म्हणून आधी पूर्वपक्षाचं नीट ऐकून घेऊ.

प्लॅन वाढवण्याचा मुद्दा चटकन निकालात निघतो. एचडी चित्रपटाला पाच एमबीपीएस पुरतात, फोर-केला पंधराच्या आसपास लागतात, ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार. घरातल्या चौघांनी एकाच वेळी हट्टानं सगळं लावलं तरी शंभरचा प्लॅन संपत नाही. राउटरला खेटून उभं राहून वेग मोजावा, मग बेडरूममध्ये जाऊन मोजावा. पहिला आकडा भरघोस आणि दुसरा रडका असेल, तर प्लॅन निर्दोष आहे. बेडरूमपर्यंत तीनच पोचत असतील, तर दारात दोनशे आले म्हणून तिथं सहा होणार नाहीत. (पहिलाच आकडा रडका निघाला, तर भांडण नेटवाल्याशी आहे. हा लेख तिथं उपयोगाचा नाही.)

सहा अँटेनांचा राउटर हा दुसरा मोह. दिसायला तो उताणा पडलेल्या खेकड्यासारखा दिसतो आणि ताकदवान भासतो. पण वायफाय म्हणजे एकतर्फी आकाशवाणी नव्हे. फोनलाही उत्तर द्यावं लागतं, आणि फोनची प्रक्षेपणशक्ती बॅटरीच्या आणि आकाराच्या मर्यादेत अडकलेली असते. राउटरचं फोनला ऐकू येतं, फोनचं राउटरला येत नाही. मग पडद्यावर रेंजच्या कांड्या भरलेल्या आणि व्हिडिओ मात्र गोल फिरतोय, असा चमत्कार घडतो.

आता बूस्टर. हा डबा काहीच ‘बूस्ट’ करत नाही. ऐकतो आणि पुन्हा सांगतो, एवढंच त्याचं काम; म्हणून त्याचं खरं नाव रिपीटर. एकच रेडिओ असलेला स्वस्त डबा एका वेळी ऐकू तरी शकतो किंवा बोलू तरी शकतो, तेही त्याच चॅनेलवर. प्रत्येक मजकूर हवेत दोनदा जातो, आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. दोन रेडिओवाले महाग डबे एका बँडवर ऐकतात, दुसऱ्यावर बोलतात. त्यांचं नुकसान कमी असतं, हे मान्य. पण ते लावले कुठं जातात? जिथं सिग्नल मेलेला आहे तिथं, म्हणजे बेडरूममध्ये. मेलेला सिग्नल पुन्हा सांगितला म्हणून जिवंत होत नाही. डबा लावायचाच असेल तर तो अर्ध्या वाटेवर हवा, आणि वन बीएचकेत अर्ध्या वाटेवर बहुधा बाथरूम असतं. अर्थात या डब्याला कायद्याची हरकत नाही. मोबाईल टॉवरचा सिग्नल वाढवणारे जे बूस्टर लोक परवान्याशिवाय बसवतात, ते मात्र बेकायदा आहेत. दुकानात दोन्हींचं नाव एकच असल्यानं गल्लत होते.

मेशचा पक्ष सगळ्यात भक्कम, म्हणून त्याला थोडी जास्त जागा द्यायला हवी. मेशचे डबे एकमेकांशी समजुतीनं वागतात, साऱ्या घरात एकच नाव राहतं, आणि मोठ्या घरात ते खरोखर उपयोगी पडतात. पण तीन डबे एकमेकांशी बोलणार कशातून? हवेतूनच. म्हणजे रिपीटरचा दोष इथंही उरतो, फक्त तो जास्त हुशारीनं हाताळलेला असतो. खोल्या बदलताना फोन आपोआप जवळच्या डब्याला धरतो, असं जाहिरातीत दिसतं; पण डबा कधी सोडायचा हे शेवटी फोन ठरवतो, आणि पुष्कळ फोन दूरच्या डब्याला चिकटून बसण्यात पटाईत असतात. साडेचारशे चौरस फुटांत तीन प्रक्षेपक बसवणं म्हणजे आपल्याच घरात आपणच गोंगाट करणं. ‘डबे तारेनं जोडले तर मेश उत्तम चालतं’ असं मेशवाले सांगतात, तेव्हा ते माझीच बाजू मांडत असतात.

हे सगळे उपाय जिथून आले, तिथली घरं वेगळी आहेत. लाकडी चौकट, पोकळ जिप्समच्या भिंती, भोवती बाग, आणि शेजारी इतका लांब की त्याचा राउटर आपल्या फोनला दिसतही नाही. आपलं गाव बघा. 2011 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 8,09,378 होती. महापालिकेचं क्षेत्र कागदावर सुमारे 79 चौरस किलोमीटर, पण त्यातलं बरंच पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात, उत्तरेला खाडीच्या कडेच्या तिवरांत आणि मिठागरांत गेलेलं. माणसं राहतात ती रेल्वेच्या आसपास, शांती नगर, नया नगर, नवघर, गोडदेव अशा वस्त्यांत. तिथं एका इमारतीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीतली मालिका ऐकू येते. फोनमधली वायफायची यादी उघडली की वरच्या, खालच्या आणि समोरच्या बिऱ्हाडांची नावं संपता संपत नाहीत.

ही सगळी बिऱ्हाडं बोलतात कशावर? 2005 साली केंद्र सरकारनं 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. त्याची रुंदी 83.5 मेगाहर्ट्झ. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच बसतात: 1, 6 आणि 11. ब्लूटूथही तिथंच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथंच. सोसायटीच्या वार्षिक सभेत कुणीच पाळत नाही तो नियम वायफाय काटेकोर पाळतं: दुसरा बोलत असेल तर आपण थांबायचं. एका चॅनेलवर दहा घरं असली तर दहाही घरं ताटकळत राहतात. रात्री नऊनंतर नेट ‘स्लो’ होतं त्याचं एक कारण हेच, आणि त्या रांगेत बूस्टर आणखी एक बोलणारा आणून उभा करतो.

2018 साली सरकारनं 5 गिगाहर्ट्झमधला 605 मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा केला. आधीच्या सातपटीहून अधिक जागा! तरीही ‘फाइव्ह जी वायफाय भिंतीपलीकडे जात नाही’ म्हणून लोक ते बंद करून ठेवतात. तक्रार खरी आहे. 2.4 ची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची, 5 ची साधारण साडेपाच. विटांच्या भिंतीत ही आखूड लहर जास्त थकते, काँक्रीटमध्ये तर फारच. पण जी भिंत आपली लहर बाहेर सोडत नाही, ती शेजाऱ्याची आत येऊ देत नाही. दाटीच्या गावात ही भिंत आपला कैवार घेते. ती भेदायला निघालेला प्रत्येक उपाय शेजाऱ्यांचा गोंगाटही सोबत ओढून घेतो. तारेनं नेट खोलीत आणलं आणि तिथं 5 गिगाहर्ट्झवर हलक्या आवाजात वाटलं, तर तीच भिंत राखणदार होते. रिपीटर आणि तार यांच्यातला खरा फरक हाच आहे, आणि तो कुठल्याही डब्यावर छापलेला नसतो.

आता ‘भलत्या जागी’ म्हणजे काय ते. फायबर डक्टमधून येते, दारावरच्या भोकातून आत शिरते, आणि जोडणीला आलेला मुलगा जिथं पहिला प्लग दिसेल तिथं राउटर टांगतो: दारावर, एमसीबीच्या पेटीजवळ, चपलांच्या कपाटावर. त्याला दिवसभरात आणखी बऱ्याच घरी जायचं असतं. त्याच्या बाजूनं हे बरोबरच आहे. पण इथल्या नेहमीच्या फ्लॅटमध्ये दार एका टोकाला आणि बेडरूम दुसऱ्या टोकाला. मध्ये फरश्या बसवलेलं बाथरूम, त्याच्या माळ्यावर टंचाईच्या भीतीनं भरून ठेवलेली टाकी, गीझर, आणि पलीकडे भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट. पाणी या लहरी शोषतं, पत्रा त्या परतवतो. दारातून बेडरूमकडे जाणारी लहर भिंतींतून तिरकी जाते, म्हणजे चार इंचांची भिंत तिला सहा-सात इंचांची पडते. राउटर पॅसेजमध्ये, माणसाच्या उंचीच्या वर आणला, तर पुष्कळ घरांत गोष्ट तिथंच मिटते. नवी जोडणी घेत असाल तर फायबरच आत ओढून मागावी. ती बारीक असते, चौकटीच्या कडेनं सहज जाते. मुलगा कुरकुरेल. थोडे जास्त पैसे द्यावेत.

त्यानं भागलं नाही, तर कॅट-सिक्सची तार. ती शंभर मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग नेते. आपल्याला त्या अंतराचा जेमतेम दशांश लागतो. मीटरला वीस-तीस रुपयांच्या घरात मिळते. घेताना अस्सल तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, हे विचारावं. दुसरी स्वस्त असते आणि ठिसूळही. तारेच्या आतल्या टोकाला नवं काही घ्यायलाच हवं असं नाही. जुना राउटर बहुतेक घरांत खणात पडलेला असतो. त्याचं डीएचसीपी बंद करायचं, लॅनच्या भोकातून लॅनच्या भोकात तार जोडायची, नाव आणि पासवर्ड पहिल्याचेच द्यायचे, चॅनेल तेवढा वेगळा. झाला दुसरा प्रक्षेपक. टीव्ही आणि ऑफिसचा लॅपटॉप तर थेट तारेलाच जोडावेत. ते हवेतून उतरले की उरलेल्यांना हवा मोकळी होते.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो: तार दिसायला वाईट. खरं आहे, लोंबती तार वाईटच दिसते. पण जुन्या इमारतींत बेडरूमपर्यंत लँडलाईनची किंवा केबल टीव्हीची नळी आधीच गेलेली असते, आत मेलेली तार घेऊन. इलेक्ट्रिशियन त्या तारेलाच नवी बांधून ओढून काढतो. नळी चेंबलेली निघाली तर केसिंग पट्टी लावायची आणि भिंतीच्या रंगानं रंगवायची. दुसरा आक्षेप भाडेकरूचा, आणि तो वजनदार आहे. अकरा महिन्यांचा करार, मालक खिळा ठोकू देत नाही. त्यानं चपटी तार स्कर्टिंगच्या कडेनं, दाराच्या फटीतून न्यावी आणि घर सोडताना गुंडाळून सोबत न्यावी. ज्याला तेही जमत नाही, त्यानं दोन रेडिओवाला रिपीटर जरूर घ्यावा. नाइलाजाला माझा विरोध नाही. नाइलाजच पहिला सल्ला म्हणून विकला जातो, त्याला आहे.

उत्तन-पालीकडचं गणित थोडं निराळं. कोळीवाड्यातल्या जुन्या घरांच्या भिंती जाड, पण भोवती टॉवरांचं रान नाही, त्यामुळे 2.4 गिगाहर्ट्झला तिथं अजून श्वास घ्यायला जागा आहे. खाली एक, माडीवर एक, मध्ये तार, एवढ्यावर तिथं भागावं.

खरी पंचाईत नव्या टॉवरांत आहे. 2020 च्या टाळेबंदीनं बेडरूमचं ऑफिस केलं, आणि चर्चगेटपर्यंतचा लोकलमधला तास-सव्वा तास वाचतो म्हणून लोकांनी ते तसंच ठेवलं. त्याच काळात मायवान पद्धतीच्या इमारती वाढल्या. त्यांत विटा नसतात. ॲल्युमिनियमच्या साच्यात सळयांच्या जाळ्यासकट सगळ्याच भिंती काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. तिथं राउटर पॅसेजमध्ये आणूनही शेवटची खोली कोरडी राहू शकते, प्रत्येक खोलीला तारच हवी. पण या भिंती इमारतीचा भार पेलतात, त्यामुळे राहायला गेल्यावर त्यांत खाच पाडता येत नाही. नळी ओतकामाआधीच टाकावी लागते. ट्रायनं ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीबद्दल तारांकन देण्याचे नियम काढले, पण ते घेणं बिल्डरच्या मर्जीवर आहे. तेव्हा नमुना फ्लॅट बघायला जाणाऱ्यानं मॉड्युलर किचनचं कौतुक ऐकून झालं की विचारावं: फायबरची नळी दारातच संपते की बेडरूमपर्यंत जाते, आणि तिची तोंडं कुठं उघडतात? विक्रीच्या टेबलावरच्या मुलाला हे बहुधा ठाऊक नसेल. साइट इंजिनिअरला बोलवायला सांगावं, आणि टोकनचा चेक तोवर खिशातच ठेवावा.