पक्षी पाहावयास शेतकऱ्यानेही जावे

दर वर्षी 5 ते 12 नोव्हेंबर या दिवसांत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 तारखेस, तर पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा 12 तारखेस. या दोहोंमधील आठवडा शासनाने 2020 साली मुक्रर केला. याच सुमारास हिमालयापलीकडून आलेली बदके, चक्रवाक व धोबी विदर्भातील तलावांवर उतरू लागतात. मोताळा तालुक्यात नळगंगा नदीवर 1967 साली पुरा झालेला जलाशय आहे. अशा काठांवर पक्षी पाहावयास जी मंडळी जमतात, त्यांत बहुधा विद्यार्थी व छायाचित्रांचे हौशी असतात. ज्याच्या शेताचा बांध पाण्याला भिडलेला आहे तो शेतकरी मात्र त्यांत क्वचितच दिसतो. ही उणीव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीच भरून काढावयास हवी.

कपाशीची वेचणी व हरभऱ्याची पेरणी ऐन भरात असताना पाखरे पाहावयास सवड कोणास आहे, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. म्हणूनच ही सहल दिवसभराची नसावी. दहाबारा शेतकऱ्यांनी तांबडे फुटताच निघावे, सूर्य पाठीशी ठेवून काठाकाठाने शांतपणे चालावे आणि आठ वाजता कामावर परतावे. एक दुर्बीण सर्वांस पुरते. पक्ष्यांची नावे गावात जी रूढ असतील तीच वहीत लिहावीत. पुस्तकी नावांचा आग्रह व्यर्थ होय.

शेतकऱ्यास पाखरू ठाऊक असते ते मुख्यत्वे चोर म्हणून. भोरडीचेच पाहा. तिचे थवे ज्वारीच्या कणसांवर उतरले म्हणजे गोफण उचलावीच लागते. हे नाकारणारा उपदेश कोणी ऐकणार नाही. परंतु हीच भोरडी मध्य आशियात पिले वाढविते तेव्हा टोळ व नाकतोडे यांचा फडशा पाडते. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांना आळा बसावा म्हणून तिच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय करण्यात येते. एका देशात जिच्यावर गोफण फिरते तिलाच दुसऱ्या देशात आसरा मिळतो, तेव्हा पाखराचा हिशेब एका हंगामावरून मांडणे कितपत योग्य, याचा विचार व्हावा.

इतरांचा हिशेब याहून सोपा आहे. शेपटी हलवीत ओल्या जमिनीवर धावणारा धोबी किडे वेचतो. पिकांवरून अगदी खालून तरंगत जाणारा भोवत्या नाकतोडे व उंदीर टिपतो. त्यांच्यासमवेत वर्षभर येथेच राहणारे कोतवाल व साळुंकीही पाहावेत, कारण हरभऱ्यावरील घाटे अळी वेचण्याचे काम बव्हंशी हेच करतात. शेतात पक्षीथांबे उभारण्याची शिफारस सर्वांनी ऐकलेली आहे. पण पिकाच्या वर उंच बसावयास जागा मिळताच कोतवाल तेथून कसा झेप घेतो व परत येऊन बसतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे दहा व्याख्यानांचे काम होते. हरभरा फुलोऱ्यावर येण्यापूर्वी थांबे उभे राहिले पाहिजेत. बियाण्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळल्यास ती ताटेही थांब्यांचे काम देतात.

काठावर गेल्यावर आणखी एक गोष्ट दृष्टीस पडेल. फवारणीचा पंप तलावात बुडवून धुण्याची व औषधाचे रिकामे डबे तेथेच टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. त्याच पाण्यावर गुरे येतात, त्यातच मासे वाढतात आणि उथळ कडेच्या चिखलात पाहुण्या पक्ष्यांचे खाद्य असते. पंप धुण्याचे पाणी घागरीने शेतात न्यावे आणि धुवण विहीर व ओढा यांपासून दूर, पडीक जमिनीत ओतावे. सहलीच्या दिवशी कार्यकर्त्याने हे काम स्वतःच्या हाताने करून दाखवावे.