गप्पांतले मौन

दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीपर्यंत चालतो. वडशाच्या एखाद्या मंडळीने रात्रभर रंगविलेल्या प्रयोगाची चर्चा दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत, तहसील कचेरीच्या आवारात आणि चहाच्या टपरीवर होते. नाटक नसेल तेव्हा चित्रपट असतो. २०१४ साली हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आमटे यांच्यावर चित्रपट निघाला. त्यात नाना पाटेकर कितपत खरे वाटले, यावर मत देण्याचा अधिकार चंद्रपूर-गडचिरोलीकरांहून अधिक दुसऱ्या कोणाचा असणार? त्याच ओघात बदलीची अफवा येते, भाजीचे भाव येतात आणि कोणाचा तरी न उतरणारा तापही येतो.

अशा गप्पांना रिकामटेकडेपणा म्हणणारे शहाणे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे मान्य करता येत नाही. ज्या मुलुखात हिवताप अजून हटलेला नाही, तेथे ‘रक्त तपासलेस काय?’ हा मित्राचा सहज प्रश्न सरकारी भिंतीवरील घोषणेपेक्षा लवकर माणसाला दवाखान्यात पोचवितो. दोष गप्पांचा नाही. त्यांत जे कधीच बोलले जात नाही, त्याची काळजी वाटावयास हवी.

इकडच्या बोलीत मैत्रिणीला ‘गोईण’ म्हणतात. पाणवठ्यावर, रोवणीच्या बांधीत, मोहफुले वेचताना गोईणींचे बोलणे दिवसभर चालते. तरीही ‘सर्च’च्या डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याकडे केवळ बाळंतपणापुरते पाहण्याच्या जगभरच्या रीतीला त्याने धक्का दिला. शेजारी शेजारी रोवणी करणाऱ्या बायका एकच दुखणे अंगावर काढीत होत्या, आणि बहुधा प्रत्येकीला ते आपल्या एकटीचेच वाटत होते.

या गोष्टीस बराच काळ लोटला. बायकांच्या लाजेचे दाखले देणाऱ्या सुशिक्षित पुरुषांनी मात्र आता स्वतःच्या बैठकीकडे पाहावे. तिथे नाटकावर वाद चालू असताना हातोहात काय फिरते? खर्रा! सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेली ही पुडी एकाने उघडावयाची आणि चौघांनी खावयाची, हा या भागातील स्नेहाचा शिरस्ता होऊन बसला आहे. नको म्हणणारा तुसडा ठरतो. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, २०१६ पासून गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’चे काम सुरू झाले; पण मित्राने पुढे केलेल्या पुडीला कायदा कितीसा अडविणार? तंबाखूइतकीच सुपारीही दोषी आहे. तिच्याने गालाची आतली त्वचा ताठर होत जाते, तिखट झोंबू लागते, तोंड पुरते उघडेनासे होते, आणि पुढे त्यातच कर्करोगाचा धोका असतो. मित्र भज्यातली मिरची बाजूला काढू लागला, घास लहान घेऊ लागला, हे रोज समोर बसणाऱ्याच्या ध्यानात सर्वांआधी येते. तो मात्र नायिकेच्या अभिनयावर बोलत राहतो.

विचारणे म्हणजे चव्हाट्यावर मांडणे नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. एकाची प्रकृती हा दुसऱ्या टपरीवरचा विषय होऊ लागला, तर कोणीही तोंड उघडणार नाही, आणि ते रास्तच ठरेल. एकांतात विचारावे, ऐकलेले पोटात ठेवावे. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात जातात की नाही, हे पाहावयास डॉक्टर लागत नाही. जात नसतील तर दंतवैद्याकडे जाणे लांबवू नये; आणि सोबत जावयाचे ते आजवर पुडी पुढे करणाऱ्यानेच.