विमान घेशील रे, पण चालवणार कोण?



परवा चौथीच्या वर्गात वाहतुकीच्या साधनांचा धडा चालू होता. फळ्यावर बैलगाडी, एस.टी., आगगाडी काढून झाली आणि शेवटी मी विमान काढलं. माझी चित्रकला कशी आहे ते तुम्हांला ठाऊकच आहे! एकजण म्हणाला, "बाई, ह्ये विमान हाय का मासा?" सगळा वर्ग हसला. हसू ओसरलं तसा मागच्या बाकावरचा एक पठ्ठ्या उठला.

"बाई, मी मोठा झालो की लई पैसे कमावतो, विमान इकत घेतो आन् सोताच चालवत लातूरला मामाकडं जातो!"

मला कौतुक वाटलं. नांदेडला विमानतळ आहे, लातूरलाही आहे. मग अडचण काय? मी म्हटलं, "विमान घेशील रे, पण ते तुला चालवू कोण देईल?"

"माझंच हाय की! मला कोण अडवतंय?"

तर मुलांनो, त्याला कोण अडवील आणि का अडवील, तेच आज पाहू या.

आधी विमान निवडू. नांदेडच्या मोठ्या मंडळींना आठवत असेल, २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेत हैदराबाद-नांदेड विमानसेवा सुरू झाली. ती चालवणारी कंपनी पुढे बंद पडली, पण तिचं विमान लक्षात राहण्यासारखं होतं. त्याचं नाव एटीआर-७२. सत्तरेक माणसं बसतील एवढं मोठं. दोन बाजूंना दोन इंजिनं आणि प्रत्येक इंजिनाच्या तोंडाशी सहा पात्यांचा भलामोठा पंखा. अशा विमानाला टर्बोप्रॉप म्हणतात. इंजिनात इंधन जळतं, तापलेला वायू जोरानं टर्बाइनची चाकं फिरवतो आणि ती चाकं बाहेरचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, फिरवतात. टर्बाइनचा 'टर्बो' आणि प्रोपेलरचा 'प्रॉप'. झालं नाव तयार! जवळच्या अंतरासाठी आणि लहान धावपट्टीसाठी ही विमानं फार सोयीची.

आपल्या पठ्ठ्याला मामाकडे जायला सत्तर जागा कशाला हव्यात? त्याला याच जातीचं छोटं विमान घेऊन देऊ. स्वित्झर्लंडमध्ये बनणारं पिलाटस पीसी-१२. एकच इंजिन, एक वैमानिक, आठ-नऊ प्रवासी. किंमत मात्र कित्येक कोटी रुपये! समजा, पठ्ठ्यानं तेवढे मोजलेही.

आता पहिला अडवणारा येतो, तो म्हणजे सरकार. आपल्या देशात वैमानिकाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए देतं. वैद्यकीय तपासणी होते. हवामान, दिशा काढणं, आकाशातले नियम यांच्या लेखी परीक्षा होतात. वैमानिक म्हणून नोकरी करायची तर वय १८ पूर्ण हवं आणि २०० तास उड्डाण केलेलं हवं. बारामती, गोंदिया, धुळे इथं असं शिक्षण मिळतं.

बरं, परवाना मिळाला. आता तरी निघायचं का? नाही! शिकणारा बहुधा सेस्ना-१७२ सारख्या छोट्या, साध्या इंजिनाच्या विमानावर शिकलेला असतो. टर्बोप्रॉपसाठी पुन्हा वेगळं शिक्षण, वेगळी चाचणी. का बरं? थोडं गणित करू.

नांदेड ते लातूर सरळ रेषेत साधारण सव्वाशे किलोमीटर धरा. सेस्ना ताशी २०० किलोमीटरनं गेलं तर साडेसदतीस मिनिटं लागतील. पीसी-१२ ताशी ५०० किलोमीटरनं गेलं तर फक्त पंधरा! म्हणजे रेडिओवर बोलणं, हवामान बघणं, उंची कमी करणं, वेग उतरवणं ही सगळी कामं निम्म्याहून कमी वेळात उरकायची. वर आणखी एक काम, चाकं बाहेर काढायची. सेस्नाची चाकं कायम बाहेरच असतात, पीसी-१२ ची पोटात दुमडलेली असतात. शिवाय हे विमान ३०,००० फुटांपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर. तिथं आतल्या हवेचा दाब गेला तर ताबडतोब प्राणवायूचा मुखवटा चढवावा लागतो. आणि टर्बाइन सुरू करताना ते प्रमाणाबाहेर तापलं, तर काही सेकंदांत लाखोंचं नुकसान!

म्हणून सराव करायचा तो आधी जमिनीवर. सिम्युलेटर नावाची एक खोली असते. आत खऱ्या विमानासारखीच बटणं आणि दांडे. तिथं खोटं वादळ येतं, खोटी आग लागते, इंजिन बंद पडतं. चुकलात तर पुन्हा करा. ही गंमत नाही बरं का. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैवानमध्ये तैपेईला एका एटीआर-७२ नं उड्डाण केलं. काही क्षणांत एका इंजिनाची शक्ती गेली. गडबडीत वैमानिकानं जे इंजिन चांगलं चालू होतं, तेच बंद केलं. ५८ पैकी ४३ माणसं गेली. त्याच्याजवळ परवाना होता. पण अशा प्रसंगाच्या सरावात तो आधीही कच्चा पडला होता, असं चौकशीत दिसलं.

आता दुसरा अडवणारा, विमा कंपनी. विमा म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको. पीकविमा माहीत आहेच. पुष्कळांनी थोडे थोडे पैसे भरायचे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून भरपाई मिळायची. विमानाच्या विम्यात विमानाची मोडतोड येते, तसंच आतल्या प्रवाशांचं आणि खाली जमिनीवरच्या लोकांचं नुकसानही येतं.

विमा कंपनी फक्त विमान बघत नाही. ती विचारते, "खुर्चीवर कोण बसणार? आजवर किती तास उडवलंय? त्यांतले याच जातीच्या विमानावर किती?" उत्तर कच्चं असेल तर ती अट घालते. आधी सिम्युलेटरवर शिकून या, मग अमुक तास जाणत्या वैमानिकाला शेजारी बसवून उडवा, आणि दर वर्षी पुन्हा उजळणी करा. त्या अटींत न बसणारा माणूस खुर्चीवर बसला आणि अपघात झाला, तर कंपनी भरपाई नाकारू शकते.

हे ऐकून पठ्ठ्या फुरंगटला. "बाई, इमान माझं, पैसे माझे, आन् कंपनी कोण इचारणारी?"

तेव्हा मी वर्गाला एक गोष्ट सांगितली. तुम्हांलाही सांगते. मी डी.एड.ला होते आणि माझा धाकटा भाऊ दहावीत. "शिकवणीला उशीर होतोय," म्हणून त्यानं वडिलांची मोटारसायकल काढली. वडिलांनीच किल्ली दिली. चांगली चालवायचा तो, सगळे वाखाणायचे. बाजाराच्या वळणावर एक म्हातारे गृहस्थ आडवे आले. त्यांचा पाय मोडला. गाडीचा विमा भरलेला होता, कागद कपाटात होता. पण चालवणाऱ्याजवळ परवाना नव्हता. भरपाई वडिलांना स्वतः द्यावी लागली. आमची बैलजोडी विकली गेली. ते आजोबा पुढे काठी घेऊनच चालले. भावानं त्यानंतर कितीतरी वर्षं गाडीला हात लावला नाही. गाडी आमचीच होती हो, पण तो रस्ता त्या आजोबांचाही होता.

म्हणून परवाना आणि विमा हे नुसते कागद नाहीत. रस्त्यावरच्या आणि जमिनीवरच्या अनोळखी माणसाला दिलेला तो शब्द आहे.

आई-बाबांनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षांआधी मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि घरातली स्कूटी बहुधा त्याहून मोठी असते. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिकवणीला उशीर झाला तर होऊ द्या. किल्ली देऊ नका.

आणि आपला पठ्ठ्या? तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "बाई, मंग सध्या येष्टीनंच जातो. पर सोळा वर्षांचा झालो की गणितात पक्का होतो, आन् अठराव्या वर्षी बारामतीला!" शाबास!

या आठवड्याचा घरचा अभ्यास : घरातल्या गाडीच्या विम्याचा कागद आई-बाबांकडून मागून घ्या. त्यावर मुदत कोणत्या तारखेला संपते ते शोधा. संपून गेली असेल, तर आज संध्याकाळी जेवताना ही गोष्ट घरी वाचून दाखवा.

तुमची,
बाई