उन्हातली अळंबी, उकळता रस्सा

भाची दिवाळीला पुण्याहून पूर्णेला आली ती ‘हॉट पॉट’च्या मसाल्याचं पाकीट घेऊनच. मधोमध शेगडी, तिच्यावर उकळता रस्सा, भोवती आम्ही सातजण. ज्यानं त्यानं अळंबी, पालक, कोबी आत सोडायचा, शिजला की काढून खायचा. आई म्हणाली, ‘‘ही तर हुरड्याची आगटीच की, पाण्यातली!’’ चीन-जपानच्या या भांड्याची याहून नेमकी ओळख मला जमली नसती.

अळंबीत मटणाइतकी प्रथिनं असतात, असं भाची म्हणे. नसतात. ताज्या अळंबीत नव्वद टक्के पाणीच. 100 ग्रॅममागे प्रथिनं जेमतेम 3 ग्रॅम. वाळवलेल्या अळंबीचा आकडा ताजीला चिकटवला की असा घोळ होतो. प्रथिनांसाठी त्याच भांड्यात टोफू पडतो, म्हणजे सोयाबीनचं पनीर. आपण मोंढ्यावर पोत्यानं घालून येतो, तेच सोयाबीन! त्याच्या भुसकटावर ढिंगरी अळंबीही पिशवीत येते. फक्त आपला उन्हाळा तिला सोसत नाही.

अळंबीची करामत वेगळीच आहे. ऊन लागलं की आपल्या कातडीसारखं तीही ‘ड’ जीवनसत्त्व तयार करते. चिरून दुपारच्या उन्हात तासभर ठेवली, तर 100 ग्रॅममध्ये 10 मायक्रोग्रॅमच्या आसपास, कधी जास्तही. मोठ्या माणसाची दिवसाची गरज 15. अंधाऱ्या खोलीत वाढून थेट फ्रीजमध्ये गेलेल्या अळंबीत ते नावालाच. आणि ऊन आपल्याकडे फुकट, जरा जास्तच.

रश्श्याचं मात्र जपून. ‘ब’ गटातली जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात म्हणून तो प्यावा, तर मसाल्यातलं मीठही तिथंच उतरलेलं. पाकिटावरच्या सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ कळतं. दिवसभराचं सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत हवं. गाऊटवाल्यांनी तर हा रस्सा ओरपू नयेच.

चीनच्या युनान प्रांतात रानअळंबीच्या भांड्याशेजारी घड्याळ लावतात आणि वेळ भरेपर्यंत गिऱ्हाइकाच्या हाती चॉपस्टिक देत नाहीत. तेही पारख असलेल्यांकडे. आपल्या बांधावरच्या कुत्र्याच्या छत्र्यांवर हा प्रयोग नको. सगळंच विष उकळून जात नाही.

दुसऱ्या दिवशी पाकीट फडताळात गेलं. आईनं येसर लावून पातळ रस्सा केला, गच्चीवर तासभर ठेवलेली अळंबी त्यात सोडली. भाचीनं दोन वाट्या रिचवल्या आणि येसराची पुडी बांधून मागितली.