गोळी बंद केली तरी मला काहीच झालं नाही!

"डॉक्टर, चार महिने बीपीची गोळी घेतली नाही. काही झालं नाही. म्हणजे ती मला लागतच नव्हती ना?"

एस.टी.तून निवृत्त झालेले ६६ वर्षांचे एक काका परवा ओपीडीत विचारत होते. स्वरात थोडा विजय होता. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, रोज सकाळी तासभर चालतात. बीपी भरलं १७४/८२.

हा प्रश्न तुम्हीही कधीतरी विचारला असेल, डॉक्टरांना नाही तर निदान स्वतःला. आणि आम्ही डॉक्टर त्याचं खरं उत्तर फार क्वचित देतो.

पूर्वी माझं उत्तर ठरलेलं असायचं. "गोळी सोडलीत तर लकवा मारेल." साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका बाईंना मी असंच दरडावलं होतं. वर्षभराने त्या बाजारात भेटल्या, अगदी ठणठणीत. "तुम्ही उगाच घाबरवलंत," म्हणाल्या, आणि माझ्याकडे यायच्या बंद झाल्या. आणखी दोन वर्षांनी मुलगा त्यांना रिक्षातून घेऊन आला तेव्हा उजवा हात-पाय गेलेला होता, बोललेलं कळत नव्हतं. गोळी चालू असती तर हे टळलं असतं का? छातीठोकपणे नाही सांगता येत. पण माझ्या एका फुगवलेल्या वाक्यामुळे त्यांचा माझ्यावरचा विश्वास गेला आणि तीन वर्षं त्यांचं बीपी कुणी मोजलंच नाही, एवढं मात्र सांगता येतं.

तर खरं उत्तर काय?

आम्ही शिकत होतो तेव्हा काही जुने डॉक्टर 'शंभर अधिक वय' असा हिशेब सांगायचे. म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसाचं वरचं बीपी १७० असलं तरी चालायचंच. वय झालं की रक्तवाहिन्या कडक होणार, रक्त पुढे ढकलायला दाब वाढणारच, तो कमी केला तर उलट चक्कर येऊन पडतील, असा तर्क. ऐकायला बरोबर वाटतो. अमेरिकेत हा तर्क तपासून बघितला गेला. 'शेप' नावाच्या त्या अभ्यासात साठीच्या पुढचे ४,७३६ लोक होते. सगळ्यांचं वरचं बीपी १६० किंवा जास्त, खालचं ९० च्या आत, म्हणजे आपल्या काकांसारखंच. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. एकाला क्लोरथॅलिडोन ही स्वस्त जुनी गोळी, गरज पडली तर जोडीला दुसरी. दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. १९९१ मध्ये निकाल छापून आला तेव्हा मी एमबीबीएसला होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

निकाल असा. पाच वर्षांत नकली गोळीच्या गटात दर १०० जणांमागे साधारण ८ जणांना पक्षाघात झाला. खऱ्या गोळीच्या गटात साधारण ५ जणांना.

हे आकडे जरा सावकाश वाचा. गोळी न घेताही १०० पैकी ९२ जणांना पाच वर्षांत पक्षाघात झाला नाही. त्यातला प्रत्येक जण काकांसारखंच म्हणू शकतो, मला काही झालं नाही. आणि काकांचे तर फक्त चार महिने झालेत. दुसरीकडे, गोळी घेऊनही ५ जणांना झालाच. त्यांच्या घरचे म्हणणार, एवढ्या गोळ्या खाऊन उपयोग काय झाला? मधले ३ जण वाचले. गंमत म्हणजे आपण वाचलो हे त्या तिघांना कधीच कळत नाही. न झालेला पक्षाघात कुणाला दिसणार? ताप उतरला की औषध लागू पडलं हे लगेच समजतं. बीपीच्या गोळीचा गुण एका माणसाच्या अनुभवातून समजायची सोयच नाही, ना तुमच्या, ना तीस वर्षांच्या माझ्या. त्यासाठी असे हजारो लोक मोजावे लागतात. पुराव्यावर आधारित वैद्यक म्हणतात ते मुख्यतः हेच.

माझा एक डॉक्टर मित्र म्हणतो, "पेशंटला शंभरात तीन असं सांगितलंस तर गोळी कोण घेणार?" काही जण नाही घेत, हे खरं आहे. तरीही मी सांगतो. एक तर हिशेब फक्त पक्षाघाताचा नाही. याच अभ्यासात हृदय कमजोर होऊन दम लागण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. दुसरं म्हणजे 'तीन' हा आकडा सगळ्यांना सारखा लागू नाही. आधी पक्षाघात होऊन गेलेल्याला, मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेल्याला फायदा जास्त. तिशीतल्या तरुणाचं एकदाच १४२/९० भरलं तर मी गोळीकडे धावत नाही. पाच मिनिटं टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसवायचं आणि परत मोजायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी. धापा टाकत जिना चढून आलेल्या माणसाचं बीपी घेऊन लागलेल्या गोळ्या मी काही कमी पाहिल्या नाहीत.

पुरावा नेहमी गोळ्या वाढवतोच असंही नाही. 'रक्त पातळ राहावं' म्हणून हृदयविकार नसलेल्या वयस्कर लोकांना रोज ॲस्पिरिन द्यायची पद्धत होती. मीही कितीतरी जणांना लिहून दिली. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी ज्येष्ठांच्या अभ्यासात दिसलं की तिने आयुष्य वाढलं नाही, अपंगत्वही टळलं नाही, उलट मोठा रक्तस्राव १०० मागे एका जणाला जास्त झाला. मग मला माझ्याच चिठ्ठ्यांवरची ती ओळ खोडावी लागली. (ज्यांना हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलाय, स्टेंट बसवलाय, त्यांनी ॲस्पिरिन स्वतःहून अजिबात बंद करू नये. त्यांचा हिशेब वेगळा आहे.)

सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बीपीच्या औषधांना आमच्या क्षेत्रातले काही लोक नाकं मुरडतात. 'सगळ्यांना एकच गोळी!' मला ती टीका पटत नाही. ठरलेली गोळी, नाही भागलं तर ठरलेली पुढची पायरी, दर महिन्याला मोजणी, आणि न आलेल्याची चौकशी, ही पद्धत महागड्या नव्या औषधाच्या तुटक वापरापेक्षा कधीही चांगली. अभ्यासात गोळी काम करते कारण तिथे कुणीतरी पेशंटच्या मागे असतं. आमच्या तीन मिनिटांच्या ओपीडीत तेवढंच राहून जातं.

काकांना हे सगळं कागदावर शंभर ठिपके काढून दाखवलं. बराच वेळ बघत बसले.

"त्या तिघांत मी असेन का?"

"माहीत नाही, काका. कुणालाच सांगता येणार नाही."

मग विचारलं, जे खरं तर आधीच विचारायला हवं होतं, की गोळी सोडली का? पायाला सूज यायची, चप्पल घट्ट व्हायची, म्हणाले. अम्लोडिपिनने काहींना अशी सूज येते. मागच्या खेपेला मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. किडनीची आणि पोटॅशियमची तपासणी करून गोळी बदलली. उभं करूनही बीपी घेतलं, या वयात उठताना एकदम उतरत नाही ना ते बघायला. महिन्याने बोलावलंय. येताना स्ट्रिप घेऊन या, गोळ्या उरल्या असतील तरी घेऊन या, मी रागावणार नाही, असं सांगितलंय.